'हे तुमच्यासाठी नाही': तीन कादंबऱ्या आणि एक काउंटर

आमचं दुकान अप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावर. जून उजाडला की या चौकात शाळेच्या पुस्तकांसाठी आयांची झुंबड उडते, आणि सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांमधून येणारी स्पर्धा परीक्षेची पोरं तर बाराही महिने असतात. आम्ही 'साहित्याचं दुकान' म्हणून ओळखले जातो हे खरं, पण भाडं चालू घडामोडींच्या पुस्तकांतून निघतं हेही तितकंच खरं. ती चळत दारातच असते. कादंबऱ्या आत, तीन पायऱ्या चढून, जिथे पंखा कुरकुरतो.

मी इथे ११ वर्षं काउंटरवर आहे. काका माझ्या कितीतरी आधीपासून. शेजारी एसटीडी बूथ आलेलं, गेलेलं, मग कॅसेटचं दुकान आलेलं, गेलेलं, सगळं त्यांनी पाहिलंय. गोडाऊन एक पोरगा बघतो. मालक दुपारी चारनंतर. खाली लिहिलंय ते एका लेखिकेच्या तीन कादंबऱ्यांचं प्रकरण, जानेवारी २०२२ ते मार्च २०२५ या काळातलं. बाईंचं नाव देत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. पुस्तकांची नावंही राहू देत. तशीही दुकानात आम्ही पुस्तकांना छापील नावाने हाक मारत नाही. पुराची, टायपिंगची, ब्युरोची. आमच्यात हीच नावं चालतात.

परतीचा गठ्ठा

पुराची ही पहिली. पानशेत धरण फुटल्यावर नारायण पेठेतल्या वाड्यातून उठून निसन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या घरात, राहायला गेलेल्या एका कुटुंबाची चाळीस वर्षं. ५२० पानं, किंमत ६५० रुपये. वितरकाने दहा प्रती टाकल्या, विक्री-परत बोलीवर. विकलं तर पैसे, नाही विकलं तर माल परत. लहान प्रकाशकाच्या कादंबरीला दुकानात जागा मिळते ती याच बोलीवर. रोखीने आम्ही तरी घेत नाही.

दीड वर्षात दोन प्रती गेल्या. त्यातली एक बाईंच्या मावसबहिणीने नेली होती हे नंतर कळलं.

न जाण्याची कारणं पुस्तकाच्या आत नव्हती. मुखपृष्ठ काळं, त्यावर पाण्यातून वर आलेला हात. रहस्यकथावाले उत्साहाने उचलायचे आणि चार ओळींत पत्र्याचं घर आणि रेशनची रांग आली की ठेवून द्यायचे. ज्यांनी ती वाचायला हवी होती ते त्या हाताकडे बघून पुढे जायचे. कण्यावर गडद निळ्यावर जांभळं शीर्षक, तेही सुलेखनातलं, वेलांटीची शेपटी थेट प्रकाशकाच्या बोधचिन्हाला भिडलेली. चार फुटांवरून, ट्यूबलाइटच्या उजेडात, ते अक्षर वाटतच नाही, नक्षी वाटते. मुखपृष्ठाचं कौतुक प्रकाशन समारंभात होतं. दुकानात पुस्तकाचं तोंड दिसतं ते पहिले पंधरा दिवस, नंतर जन्मभर कणाच. आणि कण्यावरचं नाव वरून खाली लिहायचं की खालून वर, यावर मराठी प्रकाशकांचं अजून एकमत नाही. त्यामुळे आमच्या कपाटासमोरचं गिऱ्हाईक मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टाकत पुढे सरकतं, कथकच्या क्लासला आल्यासारखं.

जून २०२३ च्या शेवटी उरलेल्या आठ प्रती सुतळीने बांधून काउंटरखाली ठेवल्या. वितरकाचा माणूस आला, नवं पार्सल टाकलं, आणि त्याच पार्सलात त्याच बाईंची दुसरी कादंबरी निघाली. सहा प्रती. त्याला परतीचं चलन करायला वेळ नव्हता. टेम्पो सम-विषम तारखेच्या चुकीच्या बाजूला उभा होता आणि समोरून क्रेन येत होती. पुढच्या खेपेला नेतो म्हणाला आणि पळाला. गठ्ठा राहिला. या सगळ्यात नशिबाचा भाग किती, असं कोणी विचारलं तर मी त्या टेम्पोचं नाव घेते.

एक्केचाळिसावं पान

टायपिंगची १६० पानांची, २६० रुपयांची. ऐंशीच्या दशकातलं टिळक रोडवरचं टायपिंग इन्स्टिट्यूट, तिथे येणाऱ्या तीन मुली, आणि चौथी जी फी भरून एकदाच येते.

जुलै आमच्याकडे विचित्र महिना. शाळांचा माल संपलेला, पाऊस लागलेला, कादंबऱ्यांपाशी येणारे निम्मे लोक छत्री निथळायला आलेले. अशा दिवसांत मी वाचते. दुकानात वाचलेलं काही डोक्यात राहत नाही, दर दोन पानांना कोणीतरी कंपासपेटी मागतं. म्हणून घरी नेते, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, कारण प्रत विकायची असते. बसमध्ये एक संध्याकाळ आणि कुकरच्या शिट्ट्यांत दुसरी, एवढ्यात ही संपली.

४१ व्या पानावर सर एका मुलीच्या हातांवर पंचा टाकतात. बोटं मशीनवर, वर पंचा, नजर भिंतीवरच्या तक्त्यावर. ए एस डी एफ जी एफ. करंगळीचा जोर पुरत नाही, त्यामुळे प्रत्येक ओळीतला 'ए' फिका उमटतो. सर कागद खिडकीच्या उजेडात धरतात आणि विचारतात, "घरी भांडी घासताना करंगळी उचलून धरतेस का?" ती हो म्हणते. पान संपतं.

मला त्या फिक्या 'ए'ने धरलं. पहिल्या पानावर मात्र पावसाचं लांबलचक वर्णन आहे. चांगलं आहे, पण ते बसून वाचायचं. दुकानात माणूस उभ्याने वाचतो, एका हातात पिशवी, खांद्याला पर्स. म्हणून मी प्रत देताना ४१ वं पान उघडून, तिथे अंगठा ठेवूनच द्यायला लागले. ही खोड काकांची. त्यांच्या डोक्यात कितीतरी पुस्तकांची अशी पानं आहेत. "गोष्ट सांगू नकोस," ते म्हणतात. "सांगितलीस की त्याला वाटतं वाचून झालं."

पहिल्या सहा प्रती तीन आठवड्यांत गेल्या. मग आणखी दहा मागवल्या. दिवाळीपर्यंत आमच्या एका काउंटरवरून तीसच्या पुढे गेल्या. हा आकडा कोणाला किरकोळ वाटेल. पण हजार-अकराशेची आवृत्ती म्हणजे मराठीत भरभक्कम समजतात, आणि ही तर पाचशेचीच होती.

"शेवटी कुठलं पुरं केलंत?"

गिऱ्हाईक विचारतं, "नवीन काय चांगलं आलंय?" या प्रश्नाला लगेच उत्तर देणं ही नव्या मुलांची पहिली चूक. चांगलं म्हणजे कोणाला? बरं, उलट "तुम्हाला काय आवडतं?" विचारावं तर तेही फसवं. पुण्यात या प्रश्नावर लोक आपण काय वाचायला हवं होतं ते सांगतात. अभिजात, वैचारिक, थोडं संतसाहित्य. म्हणून मी विचारते, "शेवटी कुठलं पुस्तक पुरं केलंत?" 'पुरं'वर जरा जोर देऊन. मग माणूस ओशाळतो, हसतो आणि खरं बोलतो. कोणी म्हणतं एका नटीचं आत्मचरित्र, कोणी म्हणतं गेल्या वर्षी काहीच नाही.

या प्रश्नामुळेच एक गोष्ट ध्यानात आली, जी मला आपणहून सुचली नसती. टायपिंगची नेणाऱ्यांत कादंबऱ्या वाचणारे कमी होते. आत्मचरित्रं पुरी करणारे जास्त, त्यातही बायकांची. त्यांना 'घडलेलं' हवं असतं, आणि ही कादंबरी घडलेल्यासारखी आहे. मी दोन प्रती आत्मचरित्रांच्या कप्प्यात नेऊन ठेवल्या. काका चिडले. वर्गवारी म्हणजे वर्गवारी, उद्या तू पंचांग पाककृतीत ठेवशील. पण आठवड्यात दोन्ही प्रती गेल्यावर तिसरी त्यांनी स्वतःच तिथे ठेवली, आणि ती अवाक्षर न काढता ठेवली.

आता या प्रकरणातला मुद्द्याचा भाग. विक्री वाढली ती 'घ्या' म्हटल्यामुळे नाही, 'नको' म्हटल्यामुळे, असं माझं मत आहे.

एक निवृत्त बँक अधिकारी दर शनिवारी येतात. त्यांनी शेवटचं पुरं केलेलं पुस्तक म्हणजे महायुद्धावरचा साडेसहाशे पानी अनुवाद. ते टायपिंगची चाळत उभे होते. मी म्हटलं, "सर, हे तुमच्यासाठी नाही. यात काही घडत नाही. वीस पानांत माझ्यावर चिडाल." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. पुण्यातल्या दुकानदाराचा नकार जगप्रसिद्ध आहे, पण त्यांना सवय होती ती 'संपलंय' आणि 'वाचून घ्या, पाटी लावलीय' या नकारांची. हातात असलेला माल कोणी काढून घेतो असं त्यांनी पाहिलेलं नसावं. पुस्तक ठेवून गेले.

ती कादंबरी त्यांनी आजतागायत वाचलेली नाही. पण तेव्हापासून ते काहीही घ्यायच्या आधी मला दाखवतात. आणि त्या दिवाळीत येऊन टायपिंगचीच्या तीन प्रती बांधायला सांगितल्या. त्यांच्या शाखेत टायपिस्ट म्हणून लागलेल्या तिघी आता निवृत्त होऊन गप्पांसाठी भेटतात, त्यांना द्यायला. म्हणाले, "मला नको म्हणालात, म्हणजे कोणाला तरी हवंच असणार."

जो सगळ्यांना सगळं चांगलं म्हणतो त्याच्या शब्दाला वजन येत नाही. भाजीवाली "हे वांगं आज नको, उद्या कोवळी येतील" म्हणते तिच्याकडेच आपण परत जातो.

सुतळी सुटली

ऑगस्टच्या मध्यापासून टायपिंगची वाचून झालेले लोक परत यायला लागले. "बाईंचं अजून काही?" काउंटरखाली गठ्ठा होताच. सुतळी सोडली.

एरवी आपण पहिली कादंबरी आधी देतो, मग दुसरी. लेखकाच्या वाढीचा क्रम वगैरे. इथे तो क्रम उलटा लावावा लागला. अनोळखी नावाच्या ५२० पानांवर ६५० रुपये कोणी टाकत नाही. २६० रुपयांच्या १६० पानांनी विश्वास बसला की तेच गिऱ्हाईक जाड पुस्तकाकडे बघून "वा, बरंच मोठं आहे" म्हणतं. दीड वर्ष ज्या जाडीने पुस्तक अडवून ठेवलं, तीच जाडी त्याच्या कामी आली. फेब्रुवारी २०२४ पर्यंत गठ्ठा संपला आणि वितरकाला फोन केला तर तो म्हणाला, "ते तर परत येणार होतं ना?"

याच काळात मी वही घातली. शंभरपानी, साधी. नाव, फोन आणि पुढे 'टा' किंवा 'पू'. 'टा' म्हणजे टायपिंगची नेली, 'टा पू' म्हणजे दोन्ही. ज्यांना आवडलं नाही त्यांच्यापुढे फुली, आणि फुल्या महत्त्वाच्या. दुकानाची व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट यादी आहे, पण एका यादीत २५६ पेक्षा जास्त माणसं बसत नाहीत, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो, हे आम्हाला वर्षभराने कळलं. तोवर आम्ही अर्ध्या गावाला पाठवतोय अशा समजुतीत होतो. आता बिल करताना आधी नंबर सेव्ह करून घेते. तरी वहीतल्या माणसाला मी यादीतून निरोप टाकत नाही. वेगळा पाठवते, त्यांनी काय वाचलंय ते लिहून.

मार्चअखेरीला ग्रंथालयांची खरेदी असते. अनुदान खर्ची टाकायचं असतं, यादी आधीच ठरलेली असते आणि ग्रंथपाल घाईत. त्या गर्दीत एका ग्रंथपालबाईंना मी पुराचीचं एक पान उघडून दिलं. त्यांनी एकच प्रत नेली. महिन्याभरात कोथरूडच्या दोन वाचक आमच्याकडे आल्या. ग्रंथालयात नंबर लागेपर्यंत थांबवेना. ग्रंथपाल हे आमचे स्पर्धक आहेत असं मालकांना वाटतं. मला नाही वाटत.

१२ जुलै

२०२४ च्या जुलैत काकांनी एका कोऱ्या पुठ्ठ्यावर जाड मार्करने पानशेत फुटल्याची तारीख लिहिली: १२ जुलै १९६१. बाकी काही नाही, पुस्तकाचं नाव नाही, किंमत नाही. तो पुठ्ठा काचेत उभा केला आणि शेजारी पुराची ठेवली, मिटून नाही तर मधलं पान उघडून, म्हणजे तो हात दिसायला नको.

साठीच्या आतल्यांनी काचेकडे पाहिलंही नाही. सत्तरीच्या पुढचे थबकायचे. सकाळी साडेअकराला एक आजोबा आत आले, पायऱ्या चढले, काचेतलीच प्रत मागितली आणि उभ्याने वाचायला लागले. स्टूल दिलं तरी बसले नाहीत. मध्येच आमच्या कपाटाच्या चौथ्या फळीवर पंजा ठेवून म्हणाले, "आमच्याकडे इथवर." ओंकारेश्वराच्या बाजूला वाडा होता त्यांचा. तेव्हा ते आठवीत होते. खडकवासलाही फुटलं, त्यामुळे सगळीकडे पाणीच पाणी आणि प्यायला थेंब नाही, हे त्यांनी अशा सुरात सांगितलं जणू दोष आमच्या दुकानाचा होता.

मग वरच्या खिशातून पेन्सिल काढली आणि मी हां हां म्हणेपर्यंत समासात खूण केली. "इथे वाड्यातल्या स्वयंपाकघरात गॅस दाखवलाय. एकसष्ट साली? आमच्याकडे कोळशाची शेगडी होती आणि एक स्टोव्ह, तोही पाहुणे आले तर. बाईंना सांगा." आणखी दोन ठिकाणी खुणा झाल्या. शेवटी पुस्तक मिटून म्हणाले, "आता ही प्रत तुम्हाला विकता येणार नाही." आणि पाकीट काढलं. दहा टक्के सवलत मात्र मागून घेतली.

बाईंना फोन केला. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "शेगडी. बरोबर आहे. आईची शेगडी होती." पुढच्या छपाईत दुरुस्ती झाली. त्या आठवड्यात पुराचीच्या नऊ प्रती गेल्या. जाहिरात म्हटली तर एक पुठ्ठा.

माझ्या चुका

पहिली माझी एकटीची नाही. टायपिंगची येऊन तीन महिने झाले होते, तेव्हा प्रकाशकाच्या मनात आलं की बाईंना दुकानात बसवून सह्यांचा कार्यक्रम करावा. तारीख त्याने ठरवली, २३ सप्टेंबर २०२३. शनिवार आहे, लोकांना सुट्टी असते. शनिवार होता हे खरं, पण गणपती बसलेले होते आणि त्या दिवशी गौरींचं विसर्जन होतं. संध्याकाळी पेठांतले रस्ते वाहनांना बंद. मी कॅलेंडर बघायला हवं होतं, बघितलं नाही. खुर्च्या भाड्याने मिळेनात, सगळ्या मंडपांत गेलेल्या. चार माणसं आली, त्यातली एक आरतीसंग्रह विचारायला. बाहेर ढोल, आत बाई. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी समोरच्या अकरा प्रतींवर सह्या करून टाकल्या. कौतुकाने केल्या, पण वितरक सही केलेली प्रत परत घेत नाही, ती वापरलेली धरतो. तेव्हापासून कोणीही लेखक पेन काढायला लागला की मी दोनच प्रती पुढे करते. (लेखकांचं आणखी एक. ओळख न देता येतात, आपलं पुस्तक तोंड पुढे करून लावतात, शेजारच्याचं झाकतात आणि जातात. आम्हाला सगळं दिसतं. ते पायऱ्या उतरले की आम्ही परत होतं तसं लावतो.)

दुसरी चूक पूर्ण माझी. तिसरी कादंबरी, ब्युरोची, ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. मुलं अमेरिकेत, आई इथे फ्लॅटमध्ये, आणि तिची देखभाल करायला ब्युरोकडून दिवसपाळीला येणारी बाई. दोघींचं दीड वर्ष. पुण्यात हे कोणाच्या घरात नाही? मी वही उघडली आणि 'टा पू' असलेल्या सगळ्यांना निरोप पाठवले. सहकारनगरच्या एक ताई दुसऱ्याच दिवशी आल्या, प्रत घेऊन गेल्या. आठवड्याने परत आल्या आणि पुस्तक काउंटरवर ठेवलं. त्यांची आई ऑगस्टमध्ये गेली होती. शेवटचं वर्ष ब्युरोचीच बाई होती.

ताई म्हणाल्या, "चांगलं आहे हो. पण आत्ता नको होतं." मी पैसे परत द्यायला लागले, त्यांनी घेतले नाहीत. पुस्तकही नेलं नाही. ती प्रत अजून काउंटरखालच्या खणात आहे.

इतरांना 'हे तुमच्यासाठी नाही' म्हणायची मला सवय झाली होती, आणि जिथे म्हणायला हवं होतं तिथे मी फोनवरून माल पाठवल्यासारखं केलं. वहीत त्यांनी काय वाचलं ते होतं, त्यांच्याकडे काय घडलं ते नव्हतं. आणि कसं असणार? त्या काउंटरसमोर आल्या असत्या तर चेहरा दिसला असता, "कशा आहात" विचारलं असतं. आता वहीत एक जादा रकाना आहे. त्याला मथळा दिलेला नाही. त्यात कधी एखादा शब्द असतो, बहुतेक वेळा रिकामाच.

ब्युरोची आणि बाइंडर

तिसरी आली ती वेळही वाईट. ऑक्टोबरमध्ये आमची सगळी टेबलं दिवाळी अंकांखाली असतात. चळती, त्यावर चळती, त्यावर 'हे पाच घेतल्यास' अशा पाट्या. कादंबरीला हात ठेवायला जागा नसते. त्याच महिन्याच्या ३ तारखेला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. दोन गिऱ्हाइकांनी दुकानात येऊन आमचं अभिनंदन केलं आणि अंकांवरची सवलत विचारली.

तरीही ब्युरोचीच्या वीस प्रती नऊ दिवसांत संपल्या, टेबलावर एकदाही न ठेवता. वहीत चाळीसएक माणसं होती आणि त्यांना आता ४१ व्या पानाची गरज नव्हती. बाईंचं आलंय, एवढंच पुरलं. पहिलीला दीड वर्षात दोन, तिसरीला नऊ दिवसांत वीस. मध्ये काय घडलं, तर फक्त दुसरी कादंबरी आणि ही वही.

आणि माल संपला. वितरक म्हणे प्रकाशकाला विचारा, प्रकाशक म्हणे छापून तयार आहे, बाइंडिंगला आहे, बाइंडर दिवाळीला गावी गेलाय. बाइंडर गावाहून आला, मग लग्नाला गेला. महिनाभर आम्ही "दोन दिवसांत येतंय" म्हणत राहिलो, आणि मी ज्यांना वर्षभर खरं बोलून जोडलं त्यांच्याशी खोटं बोलत राहिले. डिसेंबरात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर पुस्तक महोत्सव झाला. आमच्याच वहीतले तिघं तिथे गेले आणि ब्युरोची घेऊन आले, प्रकाशकाच्या स्टॉलवरून, आमच्यापेक्षा जास्त सवलतीत. म्हणजे प्रती होत्या. दुकानासाठी नव्हत्या, स्टॉलसाठी राखल्या होत्या. काका त्या दिवशी जेवलेच नाहीत. मी प्रकाशकाला फोन केला, तो म्हणाला, "अहो, वाचकापर्यंत पोचलं ना?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणून जास्तच राग आला.

पैशाचं

मालकांना हे सगळं कसं चालतं, असं विचारतात. टायपिंगचीच्या एका प्रतीवर आम्हाला ३० टक्के मिळतात, म्हणजे ७८ रुपये. त्यातले २६ गिऱ्हाइकाला सवलत म्हणून जातात, कारण दहा टक्क्यांशिवाय इथे कोणी बिल करू देत नाही. राहिले ५२. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, तेवढीच डोकेदुखी कमी. ५२ रुपयांसाठी मी दहा मिनिटं बोलते, तेवढ्यात दारातली पोरं पाच पुस्तकं उचलून, एक शब्द न बोलता, यूपीआय करून निघून जातात. पुराचीवर १३० उरतात, पण ती देताना बोलावंही जास्त लागतं. आणि मी दहा मिनिटं बोलून पटवलेला माणूस कधीकधी मुखपृष्ठाचा फोटो काढून घेतो आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतो. एकाने तर माझ्यासमोरच मागवलं आणि विचारलं, "शुक्रवारपर्यंत येईल ना?"

मालक या हिशेबावर बोलत नाहीत. एकदा वही चाळत होते, म्हणाले, ही माणसं महिन्याला येतात, नाही? मी हो म्हटलं. बस, एवढंच.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मी मेमध्ये पंधरा दिवस गावाला गेले होते तर त्या पंधरा दिवसांत बाईंची एकही कादंबरी गेली नव्हती. काकांच्या डोक्यातली पानं वेगळ्या पुस्तकांची आहेत आणि गोडाऊनच्या पोराला कादंबरीत रस नव्हता. म्हणजे हे दुकानाचं काम नव्हतं, माझं एकटीचं होतं, आणि ते काही बरं लक्षण नाही. मार्चपासून तो पोरगा टायपिंगची वाचतोय. अर्ध्यावर आलाय. परवा मला म्हणाला, "ताई, ४१ नाही, ७३ वं पान दाखवत जा. तिथे ती चौथी येते." मी ७३ काढून बघितलं. त्याचं पान गिऱ्हाइकांना अजून दाखवलेलं नाही, पण दाखवीन.

सध्या कपाटात पुराची दोन, टायपिंगची चार, ब्युरोची एकही नाही. दुसरी छपाई केव्हाच संपली. नवी महिनाअखेर येईल असं प्रकाशक म्हणतो. फेब्रुवारीतही तो हेच म्हणाला होता.